विश्लेषण : मानपाड्यात कॅमेलिया का फुलत नाही? तिच्याऐवजी कोणती सदाहरित झुडपे लावता येतील?

गुलाबासारखी पाकळ्यांची रचना, चकचकीत गडद हिरवी पाने आणि ऐन थंडीत फुलण्याची सवय यांमुळे कॅमेलिया हे झुडूप बागप्रेमींच्या यादीत वर असते. २०१९ मध्ये आलेल्या ‘व्हेन द कॅमेलिया ब्लूम्स’ या कोरियन मालिकेमुळे तिचे नाव आपल्याकडच्या तरुण प्रेक्षकांपर्यंतही पोहोचले. रोपे आणि बिया आता ऑनलाइन मिळतात. मात्र ठाण्याच्या घोडबंदर रस्त्यावरचे मानपाडा असो की डोंबिवली पूर्वेचे मानपाडा, इथल्या बाल्कनीत किंवा सोसायटीच्या बागेत कॅमेलिया फुलवणे जवळपास अशक्य आहे. काळजी घेण्यात कसूर झाली म्हणून असे होत नाही. या झुडपाच्या शरीरधर्माला जे हवामान लागते, ते इथे नाही. हे झुडूप नेमके काय आहे, ते इथे का अडते आणि जंगलाला खेटून असलेल्या या भागात काय लावणे शहाणपणाचे ठरेल, याचा हा आढावा.

कॅमेलिया म्हणजे नेमके काय?

कॅमेलिया हे एका झुडपाचे नाव नसून वनस्पतींच्या एका संपूर्ण प्रजातीचे नाव आहे. तिच्यात शंभरहून अधिक जाती येतात. हिमालयाच्या पायथ्यापासून चीन, व्हिएतनाम, कोरिया, जपान ते इंडोनेशियापर्यंत त्या निसर्गात आढळतात. बागेत लावली जाते ती प्रामुख्याने ‘कॅमेलिया जॅपोनिका’. तिची पाने जाड, कडेला बारीक दाते असलेली आणि मेण लावल्यासारखी तुकतुकीत असतात. फुले पांढरी, गुलाबी किंवा लाल असतात. ‘कॅमेलिया ससांक्वा’ ही दुसरी लोकप्रिय जात थोडी लवकर, म्हणजे शरद ऋतूतच फुलू लागते. दोघींत एक गमतीचा फरक आहे. जॅपोनिकाचे फूल सुकल्यावर अख्खेच्या अख्खे गळून पडते, तर ससांक्वाच्या पाकळ्या एकेक करून झडतात.

प्रजातीला हे नाव मिळाले ते गेऑर्ग योझेफ कामेल या जेझुइट धर्मगुरूवरून. १६६१ मध्ये आजच्या झेक प्रजासत्ताकातील ब्रनो येथे जन्मलेले कामेल औषधतज्ज्ञ होते. फिलिपिन्समधील मनिला येथे त्यांनी तिथल्या वनस्पतींचा अभ्यास केला आणि १७०६ मध्ये तिथेच त्यांचे निधन झाले. वनस्पतींना शास्त्रीय नावे देण्याची पद्धत रूढ करणाऱ्या कार्ल लिनियस यांनी त्यांच्या सन्मानार्थ हे नाव दिले. खुद्द कामेल यांचा या झुडपाच्या शोधाशी काही संबंध नव्हता.

चहा आणि कॅमेलिया यांचे नाते काय?

बाल्कनीत कॅमेलिया नसली, तरी तिची सख्खी बहीण मानपाड्यातल्या प्रत्येक स्वयंपाकघरात आहे. चहाचे शास्त्रीय नाव ‘कॅमेलिया सायनेन्सिस’. लिनियस यांनी १७५३ च्या ग्रंथात चहाला ‘थिया’ आणि शोभेच्या झुडपाला ‘कॅमेलिया’ अशा दोन वेगळ्या प्रजातींत ठेवले होते. पुढे फुलांची आणि फळांची रचना तपासल्यावर दोन्ही एकाच प्रजातीत मोडतात, हे अभ्यासकांच्या लक्षात आले. चहाचे आजचे नाव जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ ओटो कुंट्झे यांच्या १८८७ मधील मांडणीतून आले.

चहाच्या मळ्यात फुले सहसा दिसत नाहीत, कारण कोवळी पाने सतत खुडली जातात आणि झुडूप कमरेच्या उंचीवर छाटून ठेवले जाते. छाटणी थांबवली तर चहाचे झाड चांगले उंच वाढते आणि त्याला पांढऱ्या पाकळ्यांची, मधोमध पिवळ्या केसरांचा झुपका असलेली छोटी फुले येतात. हे फूल पाहिले की दोन्ही झुडपांचे नाते वेगळे सांगावे लागत नाही.

या नात्यातून एक प्रश्न साहजिकच पुढे येतो. आसामच्या दमट उकाड्यात चहा वाढतो, तर ठाण्याच्या दमट उकाड्यात कॅमेलिया का नको? याचे उत्तर आपल्याला झुडपाकडून काय हवे आहे, यात आहे. चहाच्या झुडपाकडून पाने हवी असतात आणि नवी पालवी उष्ण, ओल्या हवेतच जोमाने फुटते. कॅमेलियाकडून फूल हवे असते आणि फुलाची अट वेगळी आहे.

कळी धरली तरी फूल का उमलत नाही?

कॅमेलिया जॅपोनिकाचे फुलणे दोन टप्प्यांत होते आणि दोन्ही टप्प्यांच्या गरजा परस्परविरुद्ध आहेत. पहिला टप्पा उन्हाळ्यातला. दिवस मोठे आणि हवा उबदार असताना फांदीच्या टोकाशी फुलाच्या कळीची घडण सुरू होते. कळी वाटाण्याएवढी झाली की तिची वाढ मंदावते. इथून दुसरा टप्पा सुरू होतो. या सुप्त कळीला पुढे वाढून उमलण्यासाठी थंडीचे काही आठवडे लागतात. ते मिळाले की हिवाळ्यात किंवा वसंताच्या सुरुवातीला फूल उघडते.

याची तुलना दोन किल्ल्यांनी उघडणाऱ्या बँकेच्या लॉकरशी करता येईल. ऊब ही पहिली किल्ली आणि थंडी ही दुसरी. ठाण्यात पहिली किल्ली वर्षभर उपलब्ध आहे. त्यामुळे रोपवाटिकेतून आणलेल्या झुडपावर कळ्या दिसतात आणि मालकाच्या आशा वाढतात. दुसरी किल्ली मात्र मिळतच नाही. कळी महिनोन् महिने तशीच राहते, तपकिरी पडते आणि शेवटी गळते. आपण पाणी कमी दिले की जास्त, या विचारात माणूस पडतो. अडचण मात्र तापमानाची असते.

मानपाड्याचे हवामान नेमके कुठे आडवे येते?

टोक्योत जानेवारीचे सरासरी तापमान ५ अंश सेल्सिअसच्या आसपास असते. दार्जिलिंगचा जानेवारीही असाच थंड असतो. मुंबई परिसरात जानेवारीतले सरासरी किमान तापमान १७ अंशांच्या जवळपास असते आणि दुपारी पारा ३० च्या घरात जातो. एखाद्या वर्षी येऊरच्या पायथ्याशी पहाटे चांगला गारठा पडतो, पण तो दोन-चार दिवसांचा. कळीला सलग काही आठवडे थंडी हवी असते.

उन्हाळ्यात अडचण उलट दिशेने येते. कॅमेलियाची मुळे जमिनीच्या वरच्या थरातच पसरतात. जंगलात त्यांच्यावर पालापाचोळ्याचे पांघरूण आणि मोठ्या झाडांची सावली असते. पश्चिमेकडे तोंड असलेल्या बाल्कनीत, सिमेंटच्या भिंतीला टेकलेल्या कुंडीत ही मुळे दुपारभर तापतात. भिंत रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडत राहते, त्यामुळे कुंडीला रात्रीही गारवा मिळत नाही. पानांच्या कडा करपू लागतात. फुले तर येत नाहीतच, शिवाय दोन-तीन उन्हाळ्यांत झुडूपही खंगत जाते.

पाऊस भरपूर असूनही अडचण का?

ठाणे परिसरात वर्षाला साधारण अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो. हा आकडा टोक्योपेक्षा बराच जास्त आहे. पण तो जवळपास सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो आणि उरलेले आठ महिने जमीन कोरडी राहते. कॅमेलियाच्या कुळाला वर्षभर थोडा थोडा ओलावा आणि पाण्याचा उत्तम निचरा लागतो. ऑगस्टमध्ये मुळे कुजण्याचा धोका आणि एप्रिलमध्ये ती वाळण्याचा, अशी दुहेरी परीक्षा तिला सोसत नाही.

महाबळेश्वर सुमारे १,३७० मीटर उंचीवर आहे, तिथे पाऊस ठाण्याच्या दुपटीहून अधिक आहे आणि थंडीही आहे. तरीही महाबळेश्वर चहासाठी ओळखले जात नाही. पावसाचे हे वेळापत्रक त्यामागचे एक मोठे कारण आहे. नीलगिरीत नैर्ऋत्य मोसमी पावसानंतर ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये ईशान्य मोसमी पाऊसही पडतो, त्यामुळे कोरडा काळ आखूड राहतो. सह्याद्रीच्या उत्तर भागात ही दुसरी फेरी मिळत नाही. ब्रिटिश काळात महाबळेश्वरच्या लिंगमळा भागात क्विनाइनसाठी सिंकोना या दक्षिण अमेरिकी सदाहरित झाडाची लागवड करून पाहण्यात आली होती. नीलगिरीत सिंकोना रुजला, लिंगमळ्यातला प्रयोग मात्र सोडून द्यावा लागला. नुसती उंची आणि पाऊस जुळले म्हणून एका डोंगरावरचे झाड दुसऱ्या डोंगरावर रुजतेच असे नाही.

माती बदलली तर उपयोग होईल का?

कॅमेलियाला आम्लधर्मी माती लागते. सामू साधारण ५.५ ते ६.५ असला की तिची मुळे लोह नीट शोषून घेतात. माती अल्कधर्मी असेल तर लोह मातीत असूनही झाडाला मिळत नाही. मग पानाच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा दिसू लागतो.

नव्या गृहसंकुलांच्या बागांमध्ये ही अडचण हमखास येते. बांधकाम संपल्यावर उरलेला राडारोडा सपाट करून त्यावर लाल मातीचा पातळ थर टाकला जातो. राडारोड्यातला सिमेंट आणि चुना मातीचा सामू वाढवत राहतो. घरच्या घरी याची प्राथमिक चाचणी करता येते. फूटभर खोलीची मूठभर कोरडी माती घेऊन तिच्यावर थोडे व्हिनेगर ओतावे. माती फसफसली तर तिच्यात चुनखडीचा अंश आहे, असे समजावे. नेमका सामू हवा असेल तर मृदा चाचणी प्रयोगशाळेत नमुना देणे चांगले.

मातीची ही अडचण सोडवता येते. राडारोडा काढून टाकणे, कोकणातली जांभ्याची लाल माती आणि कुजलेल्या पानांचे खत वापरणे हे उपाय आहेत. चहाचा चोथा टाकल्याने माती आम्लधर्मी होते, असा समज आहे. मात्र उकळून झालेल्या चोथ्यात आम्लता फारशी उरत नाही. त्याचा उपयोग सेंद्रिय खत म्हणून होतो. साखर-दूध धुऊन न टाकल्यास मुंग्या लागतात, हे वेगळेच. माती सुधारता आली तरी हवामान मात्र बदलता येत नाही.

कुंडीत बर्फ ठेवणे, एसीच्या खोलीत ठेवणे हे उपाय चालतात का?

समाजमाध्यमांवर असे उपाय सुचवले जातात. पण बर्फाने मातीचा वरचा थर काही मिनिटे गार होतो. थंडी हवी असते ती फांदीच्या टोकावरच्या कळीला, तीही आठवडेच्या आठवडे. एसीच्या खोलीत उजेड अपुरा पडतो आणि हवा कोरडी असते. कोरड्या हवेत कळी गळण्याचा धोका वाढतो. शिवाय एसी २४ अंशांवर ठेवला जातो, म्हणजे मानपाड्याच्या जानेवारीतल्या पहाटेपेक्षाही उबदार.

या नियमाला अपवाद आहेत. चीनच्या ग्वांगडोंग प्रांतात १९८० च्या दशकात नोंदवली गेलेली ‘कॅमेलिया अझेलिया’ ही दुर्मीळ जात उन्हाळ्यात फुलते. तिच्या संकरातून उष्ण हवेत फुलणारे वाण तयार करण्याचे काम चीनमध्ये झाले आहे. मात्र अशा संकरित वाणांनाही ओलावा, निचरा आणि सावली यांच्या अटी आहेतच.

भारतात ज्यांना कॅमेलिया पाहायची आहे, त्यांच्यासाठी दार्जिलिंग, कालिम्पाँग, सिक्कीम, शिलाँग हा पट्टा योग्य. हिवाळा सरताना तिथल्या बागांत ती सहज फुललेली दिसते. 

ऑनलाइन रोपे आणि बिया घेताना काय लक्षात ठेवावे?

निसर्गात निळी कॅमेलिया अस्तित्वात नाही. पांढरा, गुलाबी, लाल आणि दक्षिण चीन-व्हिएतनामकडच्या काही जातींत पिवळा, एवढेच तिचे मूळ रंग. निळ्या किंवा इंद्रधनुषी कॅमेलियाच्या बियांचे छायाचित्र दिसले, तर ते संगणकावर रंगवलेले आहे असे खुशाल समजावे. दुसरी गोष्ट म्हणजे बागेतल्या वाणांची लागवड कलम किंवा छाट वापरून होते. बियांपासून आलेले रोप मूळ झाडासारखेच निघेल याची खात्री नसते आणि त्याला पहिले फूल यायलाही कित्येक वर्षे लागतात. ‘तीन महिन्यांत फुले’ असा दावा करणारे बियांचे पाकीट म्हणजे पैसे वाया.

कळ्यांनी भरलेले रोप मिळाले, तरी ते बहुधा थंड डोंगराळ भागात वाढवलेले असते. पहिल्या वर्षी त्यातल्या काही कळ्या उमलतातही, कारण थंडीचा टप्पा तिकडेच पूर्ण झालेला असतो. पुढच्या वर्षी मात्र झुडूप गप्प राहते. पहिल्या बहरावर विसंबून सोसायटीने अशी आणखी रोपे मागवू नयेत.

‘सदाहरित’ म्हणजे पाने गळतच नाहीत का?

पर्याय निवडण्याआधी हा शब्द समजून घ्यायला हवा. सदाहरित झाडाचीही पाने गळतात, पण सगळी एकदम गळत नाहीत. जुनी पाने थोडी थोडी झडतात आणि नवी येत राहतात, त्यामुळे झाड कधी उघडे पडत नाही. त्यासाठी पानाला जाड कातडी आणि मेणाचा थर लागतो, म्हणजे कोरड्या महिन्यांत पाण्याची वाफ कमी होते.

मानपाड्याच्या मागे उभे असलेले संजय गांधी राष्ट्रीय उद्यान हे मुख्यतः आर्द्र पानझडी जंगल आहे. साग, पळस, पांगारा, काटेसावर ही झाडे कोरड्या दिवसांत पाने टाकून पाणी वाचवतात. पळस, पांगारा आणि सावर तर निष्पर्ण फांद्यांवरच फुलतात. पण याच जंगलात ओढ्यांच्या काठाने आणि सावलीच्या उतारांवर एप्रिलमध्येही हिरवी राहणारी झुडपे आहेत. आठ कोरडे महिने त्यांनी पिढ्यान् पिढ्या काढले आहेत. सोसायटीच्या बागेसाठी झुडूप निवडताना ही यादी आधी पाहायला हवी.

मग मानपाड्यात काय लावता येईल?

कॅमेलियाच्या सर्वांत जवळचा पर्याय म्हणजे अनंत. गडद चकचकीत पाने, पांढऱ्या पाकळ्यांचे भरगच्च फूल आणि आम्लधर्मी मातीची आवड हे सगळे कॅमेलियासारखेच. अनंतही मूळचा चीन-जपानकडचाच. फरक असा की त्याच्या कळीला हिवाळी थंडीची तशी अट नाही, म्हणून कोकणात तो उन्हाळ्याच्या अखेरीपासून पावसाळ्यापर्यंत फुलतो. शिवाय त्याला मोहक सुगंध आहे. बागेतल्या बहुतांश कॅमेलिया जॅपोनिकांना तो नसतो.

कामिनी, म्हणजेच कुंती, ही कुंपणासाठी उत्तम. छाटणी सोसते, दाट वाढते आणि पाऊस पडून गेला की पांढऱ्या फुलांनी भरून जाते. ती लिंबाच्या कुळातली आहे आणि या कुळातल्या झाडांवर कॉमन मॉर्मॉनसारखी फुलपाखरे अंडी घालतात. महाराष्ट्राचे राज्य फुलपाखरू असलेल्या ब्लू मॉर्मॉनच्या अळ्याही लिंबू कुळातल्या झाडांवरच वाढतात. तगर जवळजवळ वर्षभर फुलते आणि कमी उजेडातही तग धरते. तिच्या पानांवर हिरवी, लठ्ठ अळी दिसली तर लगेच औषध फवारू नये. ती बहुधा एका देखण्या हिरव्या पतंगाची अळी असते आणि झाड त्यातून सावरते. एक्झोरा मूळचा दक्षिण भारत आणि श्रीलंकेचा. लाल-केशरी झुबक्यांमुळे तो फुलपाखरे आणि सूर्यपक्ष्यांना ओढतो.

कण्हेर कणखर आहे, वाहतुकीचा धूर आणि उन्हाचा मारा सहन करते. म्हणूनच रस्त्यांच्या दुभाजकांत ती दिसते. पण तिचा प्रत्येक भाग विषारी आहे. लहान मुले खेळतात त्या जागेत किंवा पाळीव प्राणी असलेल्या घरात ती लावू नये.

जंगलातली अंजनी आणि करवंद बागेत चालतील का?

चालतील, आणि ही दोन झुडपे या यादीत खरे तर पहिली यायला हवीत. अंजनी हे सह्याद्रीतले सदाहरित झुडूप. महाबळेश्वर परिसरातल्या सदाहरित जंगलाची ओळखच अभ्यासक ‘अंजनी-जांभूळ-पिसा’ अशी करून देतात. माथेरानच्या पठारावर आणि राष्ट्रीय उद्यानातही ती आहे. हिवाळा सरून उन्हाळ्याची चाहूल लागली की तिच्या फांद्यांच्या पेरांवर निळ्या-जांभळ्या फुलांचे दाट गुच्छ येतात. निसर्गात नसलेल्या निळ्या कॅमेलियासाठी पैसे मोजणाऱ्याने अंजनीचा बहर एकदा पाहावा. तिचे लाकूड अतिशय कठीण असते, पानांचा उपयोग पूर्वी पिवळा रंग तयार करताना होत असे. फुलांवर मधमाश्यांची गर्दी असते आणि फळे पक्षी खातात. ती सावकाश वाढते, ही तिची उणीव. पण सोसायटीच्या बागेत दर दोन महिन्यांनी छाटणीचा खर्च नको असेल, तर हीच उणीव सोयीची ठरते.

करवंद म्हणजे काटेरी, सदाहरित, पाण्याची फारशी मागणी नसलेले झुडूप. फेब्रुवारी-मार्चपासून पांढरी सुवासिक फुले आणि एप्रिल-मेमध्ये काळी फळे. कुंपणाच्या भिंतीलगत लावले तर तारेच्या कुंपणाची गरज भागते. मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून मात्र अंतर ठेवावे.

ही रोपे राष्ट्रीय उद्यानातून उपटून आणता येणार नाहीत. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार उद्यानातून वनस्पती काढून नेणे हा गुन्हा आहे. देशी झाडांची रोपे तयार करणाऱ्या रोपवाटिका आणि सामाजिक वनीकरण विभागाच्या रोपवाटिका हा योग्य मार्ग. झाडे आधी डोळ्यांनी पाहायची असतील, तर ठाण्याच्या मानपाड्यातच वन विभागाचे निसर्ग परिचय केंद्र आहे.

बागेतल्या झुडपाचा जंगलाशी काय संबंध?

कॅमेलियाच्या बाबतीत फार तर पैसे आणि पाणी वाया जाते. ती इथे टिकत नाही, त्यामुळे पसरतही नाही. खरा धोका इथे फार चांगल्या टिकणाऱ्या परदेशी झुडपांचा असतो. घाणेरी हे त्याचे सर्वांत मोठे उदाहरण. रंगीबेरंगी फुलांसाठी १९ व्या शतकाच्या सुरुवातीला ती कोलकात्याच्या वनस्पती उद्यानात शोभेचे झुडूप म्हणून आणली गेली. पक्ष्यांनी तिच्या बिया पसरवल्या आणि आज देशभरातल्या जंगलांत तिने देशी झुडपांची जागा अडवली आहे. राष्ट्रीय उद्यानही त्यातून सुटलेले नाही. अलीकडे झटपट हिरवी भिंत तयार होते म्हणून लावल्या जाणाऱ्या कोनोकार्पसवर गुजरात सरकारने २०२३ मध्ये बंदी घातली.

ठाण्याच्या मानपाड्यातल्या अनेक इमारतींच्या कुंपणापलीकडे थेट जंगल सुरू होते. कुंपणाच्या अलीकडे लावलेल्या झुडपाचे फळ खाऊन पक्षी पलीकडे बी टाकतो. ते बी करवंदाचे असेल तर जंगलाची भर पडते, एखाद्या आक्रमक परदेशी झुडपाचे असेल तर पुढच्या पिढ्यांना ते उपटत बसावे लागते. डोंबिवलीच्या मानपाड्याला जंगलाची अशी भिंत नाही. तिथे काँक्रीटच्या पट्ट्यात फुलपाखरे, मधमाश्या आणि छोट्या पक्ष्यांना थांबायला जागा मिळते की नाही, हे सोसायट्यांच्या बागांवरच ठरते.

लागवड कधी आणि कशी करावी?

जूनचे पहिले एक-दोन चांगले पाऊस पडून गेल्यावर, जमीन ओली झाल्यावर लागवड करावी. खड्डा दीड-दोन फूट खोल घ्यावा आणि त्यातला राडारोडा पूर्ण काढून टाकावा. लाल माती आणि कुजलेले शेणखत किंवा पानांचे खत मिसळून भरावे. सखल जागी पाणी साचत असेल तर मातीचा उंचवटा करून त्यावर रोप लावावे. ऑक्टोबरमध्ये पाऊस थांबला की बुंध्याभोवती वाळक्या पानांचा चार-पाच इंच थर द्यावा, पण तो खोडाला चिकटू देऊ नये. पहिली दोन वर्षे उन्हाळ्यात पाणी द्यावे लागते. नंतर अंजनी आणि करवंदाला पाण्याची गरज फारशी राहत नाही.

एकाच जातीची लांबच लांब रांग लावण्याऐवजी चार-पाच जाती मिसळाव्यात. उन्हाळ्याच्या तोंडाशी अंजनी आणि करवंद, मेपासून अनंत, पावसाळ्यात कामिनी आणि उरलेल्या महिन्यांत तगर व एक्झोरा अशी आखणी केली, तर वर्षातला एकही महिना फुलांवाचून जात नाही. एखाद्या झुडपावर कीड किंवा रोग आला, तरी सगळे कुंपण एकदम उघडे पडत नाही. पावसाळ्यापूर्वीच्या सर्वसाधारण सभेत बागेचा खर्च मंजूर करताना सोसायट्यांनी रोपांच्या यादीत किंमत आणि फुलांचा रंग यांबरोबर आणखी दोन रकाने ठेवावेत : झुडूप मूळचे कुठले, आणि ते आठ कोरडे महिने काढू शकते का.